बाकावरची दोन वर्षं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या कबड्डी संघात दोन वर्षांपासून आहे, पण राखीव. आमच्याकडे चढाईला एक सीनियर दादा आहे. तो विद्यापीठाच्या संघातून खेळून आला, कलर कोट मिळाला त्याला. तो असताना मला उतरवतच नाहीत. मागच्या वर्षी ६ सामन्यांत मिळून मी ४ चढाया केल्या. घरी ६ एकर वावर आहे, कापूस वेचायला माणूस भेटत नाही. बाबा म्हणतात, तिथं नुसतं बसून राहतं तर घरी ये. मी मोबाइलवर बॅरी सँडर्स नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूचे व्हिडिओ पाहतो. त्याचं पळणं आपल्या चढाईसारखं दिसते. मित्र म्हणते, तोसुद्धा कॉलेजात दोन वर्षं दुसऱ्याच्या मागं बसला होता आणि त्यानंही कॉलेज पुरं केलं नाही. हे खरं आहे का? मी काय करू?

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचलं आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. दर्यापूरला माझ्या हाताखाली खो-खो खेळलेला पोरगा, आता टेक्सासमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याने व्हिडिओ कॉलवर कागदावर रेघा मारून मला हा खेळ समजावला. त्यानंतर तीन रात्री मी सँडर्स पाहिला. एकेक धाव वीस-वीस वेळा. तेव्हा तुझ्या मित्राच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत हे आधीच सांगते. पण त्या अर्ध्या आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. ११ विरुद्ध ११. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, सरकलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. यार्ड म्हणजे ३ फूट. शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, त्याचे ६ गुण. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू घेतो आणि मागून येणाऱ्याच्या पोटाशी देतो. तो मागून येणारा म्हणजे रनिंग बॅक. पुढचे पाच आडदांड गडी समोरच्यांना रेटून फट पाडतात आणि याने त्या फटीतून निघायचं. ती फट डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकते.

चढाईसारखं दिसतं हे तुझं म्हणणं मला पटलं. एक गडी, आणि समोर त्याला धरायला टपलेले अनेक. फक्त त्याला दम घालावा लागत नाही आणि परत यायचं नसतं. आपला चढाईपटू मध्यरेषेला परतला तर गुण. त्याचा हिशेब तो जिथे पडेल तिथे होतो.

आता सँडर्स. जन्म १६ जुलै १९६८, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात. कॅन्सस म्हणजे गव्हाचा मुलूख. घरात ११ भावंडं. वडील घरांची छपरं घालायचे, सुतारकाम करायचे, आणि सुट्टी लागली की पोरांना हाताखाली घ्यायचे. उन्हात छपरावर काम करणं काय असतं ते तुला सांगायला नको. उंची ५ फूट ८ इंच, म्हणजे त्या खेळाच्या मानाने बुटका. शाळेतसुद्धा शेवटच्या वर्षी, तेही हंगामाच्या चौथ्या सामन्यापासून त्याला रनिंग बॅकच्या जागी उभं केलं. त्यामुळे मोठ्या कॉलेजांचं लक्ष त्याच्याकडे गेलं नाही. तो गेला स्टिलवॉटरच्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात, १९८६ साली.

तिथे त्याच्या जागेवर आधीच थर्मन थॉमस होता. हा काही साधासुधा सीनियर नव्हता. पुढे तोही व्यावसायिक लीगमध्ये इतका मोठा झाला की २००७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं. तुझ्या त्या दादासारखंच समज, हलवायचा कसा आणि का? प्रशिक्षकाला दोष देण्यात काही अर्थ नव्हता. १९८६ आणि १९८७, दोन हंगाम सँडर्स त्याच्या मागे राहिला.

इथे नीट ऐक, कारण व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. त्या दोन वर्षांत त्याला एक काम मिळालं होतं. सामना सुरू होताना आणि गुण झाल्यावर समोरचा संघ चेंडू लाथेने लांब उडवतो. तो झेलायचा आणि उलट धावत सुटायचं. समोरून ११ जण पूर्ण वेगात अंगावर येत असतात आणि तोपर्यंत आपल्या गड्यांनी फट पाडलेली नसते. याला किकऑफ रिटर्न म्हणतात. सामन्यात हे मोजक्या वेळा होतं. सँडर्सने ते काम असं केलं की १९८७ मध्ये दर वेळी सरासरी ३१.६ यार्ड चेंडू परत आणून तो साऱ्या देशात पहिला आला. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यातली पहिलीच किक त्याने झेलली आणि १०० यार्ड धावून थेट टचडाऊन केला. पुढच्या वर्षीच्या पहिल्या सामन्यात पुन्हा तेच केलं, पहिली किक, १०० यार्ड. बाकावरच्या पोराला दिलेलं मोजक्या संधींचं काम होतं ते. त्याने त्यातही कसर ठेवली नाही.

१९८८ ला थॉमस शिकून बाहेर पडला, बफेलो बिल्स या व्यावसायिक संघाकडे गेला. जागा मोकळी झाली, आणि मग जे झालं ते वाचताना मी चष्मा पुसला. ११ सामने. चेंडू घेऊन ३४४ धावा. २,६२८ यार्ड. एकूण ३९ टचडाऊन. चार सामन्यांत प्रत्येकी ३०० यार्डांच्या वर. २,६२८ यार्ड म्हणजे मीटरमध्ये धरले तर साधारण २,४००. आमच्या गावापासून एसटीच्या फाट्यापर्यंत एवढंच अंतर आहे, मी रोज चालते. पण फाट्यापर्यंत जाताना कोणी माझ्या कमरेवर झेप घेत नाही. त्याचा हा प्रत्येक मीटर कोणाच्या तरी हातातून सोडवून आणलेला आहे. सरासरी काढलीस तर एका धावेला ७ मीटर येतात. तुमच्या पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत साडेसहा मीटर असतात. म्हणजे हा गडी सरासरीनेच समोरचं अख्खं अंगण पार करून मागच्या रेषेबाहेर जात होता, हंगामभर.

आणि तेव्हा हंगामानंतरच्या खास सामन्याचे आकडे नोंदीत धरत नसत. ते धरले असते तर हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्धचे २२२ यार्ड आणि ५ टचडाऊन आणखी जमा झाले असते.

कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा मान, हाइसमन ट्रॉफी, त्या वर्षी त्यालाच मिळाली. जाहीर झाली तेव्हा तो अमेरिकेत नव्हताच. टेक्सास टेकविरुद्धचा सामना टोकियोत होता, संघासोबत तिकडे होता. त्या सामन्यात तो ३३२ यार्ड धावला आणि त्याचा संघ ४५-४२ ने जिंकला.

खेळाबद्दल एक गोष्ट जवळून पाहा. केशरी-काळे कपडे, पाठीवर २१. चेंडू घेऊन तो निघतो, ठरलेली फट बंद झालेली असते. बाकीचे धावपटू तिथे डोकं घालतात आणि पडतात. हा थांबतो. पूर्ण थांबतो, दोन्ही पाय जमिनीत रोवून, गुडघे वाकलेले, कंबर खाली. धरायला आलेले दोघे त्याच्या अंदाजाने झेपावतात आणि रिकाम्या हवेला मिठी मारतात. तेवढ्यात कंबर वळते आणि तो भलत्याच बाजूने निघालेला असतो. तू चढाईत कोपऱ्याकडे धावत जाऊन पाय टाकतोस ना? पुढच्या वेळी कोपऱ्याच्या हातभर अलीकडे पूर्ण थांबून पाहा. कोपरारक्षक तुझ्या पायाच्या येण्याची वाट पाहत असतो. पाय आलाच नाही की त्याचा तोल पुढे जातो. मी हे आमच्या शाळेतल्या पोरींकडून करून पाहिलं. मागच्या रविवारी दोघी जणी एकाच सकाळी शिकल्या.

आणि टचडाऊन झाल्यावर तो नाचत नसे, चेंडू आपटत नसे. जवळच्या पंचाच्या हातात चेंडू द्यायचा आणि परत फिरायचं. कॉलेजात तसंच आणि पुढे व्यावसायिक खेळातही तसंच. मला तो माणूस तिथे आवडला.

आता माझं सांगते, कारण तू सोडू का म्हणून विचारलंस आणि मी सोडलं होतं. १९८१ साल. मी अमरावतीला शिकत होते, कॉलेजच्या मुलींच्या संघात डाव्या कोपऱ्याला राखीव. माझ्या जागेवरची मुलगी माझ्याहून चांगली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. दीड वर्ष मी बाटल्या भरल्या, गुणपत्रक लिहिलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी सरावाला जाणं बंद केलं. कोणाशी भांडण नाही, काही नाही. सकाळी उठले नाही, बस. वैशाखात त्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती आर्वीकडे गेली. डावा कोपरा मोकळा झाला. जूनमध्ये सराव सुरू झाला तेव्हा ती जागा पहिल्या वर्षाच्या एका मुलीला मिळाली, कारण ती रोज सकाळी हजर होती. मी पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, ३१ वर्षं मैदानावर काढली, शेकडो पोरं खेळवली. पण विद्यापीठाचा कोट माझ्या अंगावर कधी आला नाही आणि त्याला कारण ती मुलगी नव्हती, प्रशिक्षकही नव्हते. ते गुणपत्रक मी दीड वर्ष लिहिलं, पण कोणता गडी कोणत्या कोपऱ्याकडे जातो ते त्यात एकदाही वाचून पाहिलं नाही. सगळं माझ्याच हातात होतं.

म्हणून तुला विचारते, तुझी किकऑफ कोणती आहे? मला वाटतं तिसरी चढाई. तुमच्याकडे ज्या सामन्यांत 'डू ऑर डाय' खेळवतात तिथे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. कोणताही कर्णधार आपला मुख्य गडी तिथे घालवायला कचरतो. तो बाद झाला तर संघ लंगडा होतो. सरांना जाऊन सांग, तिसरी चढाई मला द्या. फार तर बाद होशील. आणि त्या एका चढाईसाठी सराव कर. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडायचा सराव वेगळा आणि चार गडी असताना हात मारून सुटायचा वेगळा. ४ चढाया मिळाल्या म्हणतोस. त्या चारही मला लिहून पाठव. समोर किती गडी होते, कुठल्या बाजूने गेलास, कोणी धरलं. आठवत नसेल तर आधी ती वही सुरू कर.

राहिला कॉलेज सोडण्याचा मुद्दा. सँडर्सने सोडलं, खरं आहे. पण कधी? तिसरं वर्ष खेळून, हाइसमन घेऊन. त्या काळी तिसऱ्या वर्षानंतर सहसा व्यावसायिक लीगमध्ये घेत नसत. पण त्याच्या विद्यापीठाच्या संघावर नियमभंगासाठी बंधनं आली आणि लीगने त्याच्यासाठी अपवाद केला. लीगचे संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९८९ च्या त्या निवडीत डेट्रॉइट लायन्स संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. तो जिथे जात होता तिथे त्याची वाट पाहत होते. तू सोडून जाशील तिथे कोण वाट पाहतं? वावर वाट पाहतं, हे मला मान्य आहे, आणि वावराला मी कमी लेखत नाही. पण वेचणी तीन महिन्यांची असते आणि पदवी एकदाच राहून जाते.

बाबांशी बोलताना हे सांग. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण तिथे कोणत्या स्पर्धेत कोणता क्रमांक आला ते पाहतात आणि क्रीडा विभाग प्रमाणपत्राची पडताळणी करतो. पोळ्याच्या वेळी गावोगाव जे खुले सामने होतात, त्यातल्या ढाली घरात कितीही मांडल्या तरी तिथे धरत नाहीत. अधिकृत स्पर्धांची वाट तुझ्यासारख्या पोराला बहुतेक वेळा शाळा-कॉलेजातूनच सापडते. बाबांना असंही सांग की शनिवार-रविवार मी वेचणीला येतो. आणि खरंच जा. पहाटे वेचायला बसणं म्हणजे वाकून, गुडघ्यात, तासन् तास. त्याने कंबर खाली राहायची सवय लागते. सँडर्सच्या वडिलांनी पोरांना छपरावर नेलं, तुझे बाबा तुला पऱ्हाटीत नेतात. त्यात तुझं काही कमी होत नाही.

तुझा दादा पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षाला असेल ना? मग जा आणि त्यालाच विचार, कोणत्या कोपऱ्याला तो घाबरतो. तो सांगेल. मोठे खेळाडू सांगतात.

प्रश्न : ताई, माझा पोरगा नववीत आहे. कबड्डी खेळतो. हल्ली तो अमेरिकेचा खेळ पाहून पऱ्हाटीच्या तासातून वाकडातिकडा पळत राहतो, मधेच थांबतो, मधेच वळतो. गुडघे जातील अशी भीती वाटते. पळू द्यावं का? — एक वडील, तालुका अकोट

उत्तर : भाऊ, पळू द्या, पण जागा बदला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. खारपाणपट्ट्यात तर एकेका भेगेत पायाचा पंजा मावतो, आणि वळताना घोटा त्यात अडकला तर पोरगा सहा महिने बसून. पावसाळ्यात तीच माती चिकटून बुटाचं वजन वाढवते. शाळेचं मैदान, तेही सकाळी पाणी शिंपडून, हेच बरं. चैत्र-वैशाखात सकाळी साडेसातनंतर नकोच.

त्याला वळायला शिकवण्याआधी थांबायला शिकवा. पूर्ण वेगात येऊन तीन छोट्या पावलांत थांबायचं, गुडघे वाकलेले आणि पंजांच्या दिशेनेच, आत कोसळलेले नाहीत. महिनाभर एवढंच. सरळ पायावर, ताठ गुडघ्याने वळतो त्याचा गुडघा जातो. वळताना 'कट्ट' असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा सुजला, तर गावात कोणाला चोळू देऊ नका. बर्फ लावा, पाय टेकू देऊ नका आणि हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

आणि एक सांगा त्याला. तिकडचे गडी शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड गाद्या बांधून एकमेकांवर आदळतात. पळणं घे म्हणावं, डोकं घालणं घेऊ नको.

प्रश्न : मॅडम, घरात वाद चाललाय. मुलगा म्हणतो सँडर्स विक्रमाजवळ येऊन घाबरून पळाला. तो चांगला खेळत असताना का थांबला? — एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : ताई, घाबरला म्हणणं मला पटत नाही. व्यावसायिक लीगच्या १० हंगामांत त्याने १५,२६९ यार्ड केले. कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा वॉल्टर पेटनचा विक्रम तेव्हा १६,७२६ चा होता, म्हणजे १,४५७ उरले होते. १९९७ या एकाच हंगामात त्याने २,०५३ केले होते. अजून एक चांगलं वर्ष खेळला असता तर झालं असतं.

पण आकड्यांसाठी खेळणारा तो नव्हता हे त्याने पहिल्याच वर्षी दाखवलं होतं. १९८९ चा शेवटचा सामना. सर्वाधिक यार्डांच्या मानासाठी त्याला १० यार्ड कमी होते. पुढे होता नायजेरियाचा ख्रिश्चन ओकोये, १,४८० यार्ड. सँडर्सचे १,४७०. सामना हातात आला होता. परत आत जातोस का, म्हणून विचारलं तर तो नाही म्हणाला. १० यार्ड म्हणजे त्याच्यासाठी दोन धावा.

लायन्स संघ वर्षानुवर्षं हरत राहिला, जिंकण्याची आशा उरली नव्हती, हे कारण त्याने पुढे स्वतः सांगितलं. १९९९ च्या जुलैत, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो थांबला. त्यासाठी समारंभ ठेवला नाही, कॅमेऱ्यांपुढे बसला नाही. एक पत्र लिहिलं आणि फॅक्सने पाठवलं विचिटा ईगलला. म्हणजे ज्या शहरात वडिलांसोबत छपरं घातली, तिथल्या पेपराला.